मोजकी घरं

"बोला सासूबाई," मीनाक्षी फोनवर हसत हसत म्हणाली, आणि तव्यावरचं धिरडं उलटायला निघालेला वृंदाचा हात तसाच थांबला. पलीकडून कुमुद बोलत होती, करोल बागेतून. कुमुद म्हणजे वृंदाच्या नवऱ्याची, विलासची धाकटी बहीण, मीनाक्षीची सख्खी आत्या. लहानपणापासून मीनाक्षी तिला 'कुमुदआत्या' म्हणत आली होती. आज हा नवा शब्द तिच्या तोंडून इतका सहज निघाला, की तो पहिल्यांदाच निघतोय असं वाटेना. धिरड्याची कड काळी पडली, जळका वास बाहेरच्या खोलीपर्यंत गेला, तेव्हा कुठे वृंदाने गॅस बंद केला. मीनाक्षी फोन ठेवून आत आली, तिचे कान लाल झाले होते. "मजाक करत होते आई, तू लगेच सीरियस होतेस यार," ती म्हणाली आणि न विचारताच जळकं धिरडं ताटलीत घेऊन खायला लागली. बाल्कनीत उन्हाला बसलेल्या वृंदाच्या सासूबाईंना, अहिल्याआत्यांना ऐकू कमी येई, पण हवं ते बरोबर येई. "मजाक कशाला?" त्या तिथूनच म्हणाल्या. "मीच कुमुदला म्हटलंय, या रविवारी तुझ्या विनायकला घेऊन ये आणि नारळ देऊन टाक. दोघांचं एकमेकांवर मन आहे. बाहेर कुठे शोधत बसायचं? इथं दिल्लीत आपली माणसं आहेत किती?"

आपली माणसं किती, हा प्रश्न वृंदा जन्मापासून ऐकत आली होती. कोकणातल्या चार गावांत मिळून त्यांच्यातली सात-आठ घरं. मुली दिल्या-घेतल्या जायच्या त्या त्याच घरांत, आलटून पालटून, पिढ्यान् पिढ्या. एकीचा मामा दुसरीचा सासरा असे आणि तिसरीचा आतेभाऊ. लग्नात पाहुण्यांची ओळख करून द्यावी लागत नसे. वृंदा स्वतः आपल्या आतेभावाला दिलेली. विलास तिच्या आत्याचा, अहिल्याआत्यांचा मुलगा. लहानपणी सुट्टीत दोघं एका पंक्तीला बसून आमरस खात. पुढे ती मुंबईला जनावरांची डॉक्टर झाली, वर्गात एकटीच मुलगी होती, आणि एवढ्या शिकलेल्या मुलीला कोण करून घेणार म्हणून आई काळजीत पडली, तेव्हा आत्या म्हणाल्या होत्या, "कोण म्हणजे? माझी भाची मी करून घेते." अठ्ठावन्न साली ती लग्न होऊन दिल्लीत आली. विलास सरकारी छापखान्यात नोकरीला होता, करोल बागेत दोन खोल्या भाड्याच्या. परक्या घरी गेल्यासारखं तिला एक दिवसही वाटलं नाही. सासूला 'आत्या' म्हणायचं, नवऱ्याला चारचौघांत 'अहो' आणि एकटं असताना 'विलास'. तिच्या मैत्रिणी सासरी जाताना रडल्या होत्या. तिला रडण्याचं कारणच सापडलं नव्हतं.

मग भालू झाला. विलासच्या आजोबांचं नाव ठेवलं, भालचंद्र. गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा, आवाजाकडे लगेच बघणारा. तीन महिने झाले, चार झाले, पण त्याने मान धरली नाही. उचललं की डोकं मागे कलंडायचं, पाय बेडकासारखे पसरून पडायचे. त्याचं रडणं दिवसेंदिवस बारीक होत गेलं, इतकं की पुढे पुढे ते पाहावं लागे, ऐकू येत नसे. आणि तरी तो हसायचा. सगळ्या अंगातलं बळ जणू चेहऱ्यात येऊन राहिलं होतं. मोठ्या इस्पितळात एका वयस्कर पंजाबी डॉक्टरांनी त्याला बराच वेळ तपासलं, गुडघ्यावर टकटक केलं, जीभ बघितली, आणि वर न बघता विचारलं, "आप दोनों की शादी से पहले कोई रिश्तेदारी थी?" वृंदा म्हणाली, "जी. मेरी बुआ के बेटे हैं." डॉक्टरांचं पेन थांबलं. "अच्छा," ते म्हणाले. एवढंच. विलास तेव्हा औषधाच्या रांगेत उभा होता. तो 'अच्छा' वृंदाने एकटीने ऐकला. त्यापुढचं सगळं तिला कॉलेजात शिकवलेलं होतं, वाटाण्याच्या शेंगांवर, उंदरांवर, गाईंवर. आईकडून एक प्रत, बापाकडून एक. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवून नेते, माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. दोन्ही बिघडलेल्या आल्या की मूल असं होतं. ती बिघडलेली एकच प्रत कुठल्या तरी खापरपणजोबाकडून निघाली असेल, त्या सात-आठ घरांत फिरत राहिली असेल, बाहेर जायला तिला वाटच नव्हती. भालू पहिला वाढदिवस होण्याआधी गेला. आत्या म्हणाल्या, दिल्लीची थंडी बाधली. विलास म्हणाला, आपलं नशीब. वृंदा काहीच म्हणाली नाही. खरं सांगितलं तर त्याचा अर्थ एकच होत होता, की आपण दोघांनी लग्न करायला नको होतं. आणि विलास तेव्हा रोज ऑफिसातून आल्यावर रिकाम्या पाळण्याची दोरी धरून उभा राहत असे. त्या माणसाला हे कसं सांगायचं?

तीन वर्षांनी मीनाक्षी झाली. चारात एक, हे वृंदाला पोटुशी असताना रोज माहीत होतं. झोपेतून उठताना माहीत होतं, बसमध्ये खांब धरून उभी असताना माहीत होतं. मुलगी झाली, छान आहे, म्हणून सगळ्यांनी पेढे वाटले, पण वृंदा बाळाच्या चेहऱ्याकडे बघेचना, मानेकडे बघायची. लोकांची बाळं हसतात, वळतात, लोक कौतुक करतात. तिने आपल्या मुलीचे पहिले कितीतरी महिने फक्त मान बघितली. एका दुपारी पालथ्या पडलेल्या मीनाक्षीने डोकं उचललं, उचलूनच धरलं आणि आईकडे बघितलं. वृंदा तेव्हा जमिनीवर बसून इतकी रडली की शेजारची सरदारीण धावत आली. आता तीच मान वाकवून मुलगी ताटलीतलं करपलेलं धिरडं खात होती, आणि रविवारी नारळ येणार होता.

वृंदाने मनातल्या मनात हिशेब मांडला. हिशेब करायचा नाही असं तिने ठरवलं होतं, तरी झाला. मीनाक्षीकडे ती प्रत असण्याची शक्यता तीनात दोन. कुमुदकडे दोनात एक, म्हणून विनायककडे चारात एक. दोघांकडे असली तर मुलाला पुन्हा चारात एक. सगळं मिळून चोवीसात एक. चोवीसातले तेवीस चांगले, असंही म्हणता येत होतं. विनायक लाघवी मुलगा होता, इंजिनिअर होता, मीनाक्षी त्याच्याशी बोलताना वेगळीच दिसे. कुठलंही रक्त तपासून हे कळण्याची सोय नव्हती. न सांगता चालण्यासारखं होतं. शुक्रवारपर्यंत तिने हाच विचार इकडून तिकडे फिरवला, आणि शुक्रवारी संध्याकाळी हिंडन नदीपलीकडच्या काळवीट उद्यानातून निरोप आला, की आणखी एक पाडस मेलं.

ते उद्यान गाझियाबादच्या बाहेर, नदीच्या अंगाला होतं. पंचवीस वर्षांपूर्वी कुणा जमीनदाराने सरकारला पाच काळविटं दिली होती, एक नर आणि चार माद्या. त्यांच्यासाठी तारेचं कुंपण घातलं, झाडं लावली, पाण्याची कुंडं बांधली. सुरुवातीला कळप वाढला, साठापर्यंत गेला. वर्तमानपत्रांत फोटो आले. मग कुणाच्या फारसं लक्षात न येता तो आटायला लागला. वृंदाच्या पशुवैद्यकीय खात्याकडे हे काम तीन वर्षांपूर्वी आलं. तिने चारा बदलून बघितला, लसी टोचल्या, जंतांची औषधं दिली. पाडसं तरी अशक्तच जन्मत. काहींचा खालचा जबडा आखूड असे, त्यांना आचळ धरता येत नसे. ऐन वयातल्या नरांचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर निम्म्याहून अधिक बीजं शेपूट नसलेली, जागच्या जागी थरथरणारी. मागच्या हिवाळ्यात खोकल्याची साथ आली आणि कळपातला तिसरा हिस्सा गेला. रानात अशी साथ आली तर काही मरतात, काही तगतात. इथं ज्याला लागली तो गेलाच. आता वीस-बावीस उरली होती. मंत्रालयातले सक्सेना नावाचे मोठे अधिकारी शनिवारी स्वतः बघायला येणार होते. राजस्थानातून बाहेरचे नर आणायचे, हा वृंदाचा प्रस्ताव वर्षभर त्यांच्या टेबलावर पडून होता. खात्याची जीप नेमकी बिघडली, म्हणून विलास म्हणाला, "चल, मी सोडतो तुला. सुट्टीच आहे."

धुकं उतरलं नव्हतं. सक्सेनांनी मफलर कानांवरून गुंडाळला होता, पण प्रश्न त्यांनी मनापासून विचारला. "डॉक्टर साहिबा, बाड़ा अच्छा है, चारा अच्छा है, शिकारी कोई है नहीं. फिर ये मरते क्यों हैं? मुझे ऐसे समझाइए कि मैं ऊपर समझा सकूँ." वृंदा हिंदीत बोलायला लागली. तिची हिंदी चांगली होती, घरच्या मराठीपेक्षा नेमकी. ती म्हणाली, कुठल्याही जिवाच्या अंगात दोन-चार बिघडलेल्या गोष्टी दडलेल्या असतातच. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्या. मोठ्या कळपात त्या दडलेल्याच राहतात, कारण ज्याच्याशी जोडी जमते त्याच्यात बहुधा वेगळी खोट असते, एकाची कसर दुसरा भरून काढतो. इथं सगळी त्या पाच जनावरांची पोरं. नर-मादी दोघांच्याही अंगात एकाच आजोबाची तीच खोट, ती पाडसात समोरासमोर येते. शिवाय कळप लहान असला की कुणाची पोरं जगतील, कुणाची नाही, हा नुसता योगायोग, आणि प्रत्येक पिढीत त्या योगायोगात काही ना काही चांगलं कायमचं गळून पडतं. एखादा नर खोकल्याला पुरून उरणारा असेल, पण त्याला पोरं झालीच नाहीत, तर ते बळ कळपातून गेलं ते गेलं. पुन्हा येणार कुठून? मग सगळी एकसारखी होतात, साथ आली की एकसारखी मरतात. जितकी कमी उरतात तितकी एकमेकांची जवळची, आणि जितकी जवळची तितकी पुन्हा कमी. भोवऱ्यात सापडल्यासारखं. "इनका कोई क़सूर नहीं है, सर," ती म्हणाली. "देखने में सब तंदुरुस्त हैं. माँ भी, बाप भी. बच्चा बस गर्दन नहीं उठा पाता."

शेवटचं वाक्य तिच्या तोंडून कसं आलं ते तिला कळलं नाही. मेलेल्या पाडसाची मान ठीक होती, ते जबड्यामुळे उपाशी मेलं होतं. तिने मागे वळून बघितलं. विलास गाडीपाशी थांबला असेल असं तिला वाटत होतं, पण तो चार पावलांवर कुंपणाची तार धरून उभा होता आणि काळविटांकडे बघत नव्हता. सक्सेना म्हणाले, "समझ गया. इस महीने करवाता हूँ." वर्षभर अडलेलं काम झालं होतं आणि तिला त्याचं काहीच वाटेना.

गाझियाबाद मागे पडेपर्यंत ट्रकांच्या रांगेतून विलासने गाडी नेहमीसारखीच जपून काढली. मग रस्त्याच्या कडेला, निलगिरीच्या झाडांखाली, त्याने ती थांबवली.

"भालूचं असंच होतं?"

"हो."

"म्हणजे तुझ्याकडून एक आणि माझ्याकडून एक."

"हो विलास."

"तुला केव्हापासून माहीत?"

"तेव्हापासूनच. डॉक्टरांनी नातं विचारलं तेव्हाच कळलं."

पंचवीस वर्षांत विलासचे केस गेले होते, चष्मा जाड झाला होता, आणि तरी त्या क्षणी तो तिला आमरसाच्या पंक्तीतल्या मुलासारखा दिसला, शेजारच्या वाटीत जास्त वाढलंय हे कळूनही न बोलणारा. तो ओरडेल, निदान का सांगितलं नाहीस म्हणून विचारेल, असं तिला वाटलं. त्याने विचारलं ते वेगळंच. "मीनूच्या वेळी तू एकटीच भीत होतीस?" "हो. कितीतरी महिने मी नुसती तिची मान बघायचे," ती म्हणाली. "मी पेढे वाटत फिरत होतो," तो म्हणाला, आणि त्याने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. वृंदाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. स्वेटर तिनेच विणलेला होता, कोपरावर विरलेला. शेजारून एक उसाची ट्रॉली गेली, वर बसलेली माणसं गाडीत वाकून बघत गेली.

रविवारी कुमुद आली ती नवी साडी नेसून, नारळ आणि पेढे घेऊन. नवरा गेल्यापासून ती क्वचितच अशी नटत असे. विनायक मागून मोसंबीची पिशवी सांभाळत आला, आजीच्या पाया पडला आणि मीनाक्षीकडे बघायचं नाही असं ठरवून खिडकीकडे बघत बसला. अहिल्याआत्या पलंगावर भिंतीला टेकून, शाल पांघरून बसल्या होत्या. वृंदा चहाचा ट्रे ठेवून म्हणाली, "नारळ देण्याआधी थोडं बोलायचंय," पण तिला पुढचा शब्द मिळण्याआधीच विलास म्हणाला, "मी सांगतो." आणि तो सांगायला लागला. अडखळत सांगत होता, प्रत कुणाकडे, खोट कशी दडते, भालू का गेला. एके ठिकाणी चुकला, तिथं वृंदाने हळूच सुधारलं. चोवीसाचा आकडा तिने सांगितला.

कुमुदचा चेहरा उतरत गेला आणि मग चढला. "म्हणजे आमच्या घराच्या रक्तातच खोट, असं म्हणायचंय तुम्हाला? माझा मुलगा बघा, कशात कमी आहे? तुझ्या कुंपणातल्या जनावरांचं तू आमच्या माणसांना लावतेस, वृंदा?"

"जनावरांकडून नाही शिकले मी, कुमुद. भालूकडून शिकले. आणि घर तुझं तेच माझं, नाही का? रक्त एकच आहे."

"चोवीसात एक म्हणजे काही नाही मामी," विनायक म्हणाला. "रस्ता क्रॉस करताना याच्यापेक्षा जास्त रिस्क असते." तो हसायचा प्रयत्न करत होता.

मीनाक्षी इतका वेळ दारापाशी उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता. "आई, एक सांग. तुम्हा दोघांना तेव्हा कुणी हे सगळं समजावून सांगितलं असतं, तर तुम्ही लग्न केलं असतंत?" वृंदाने ट्रेमधला कप उगाच सरळ केला. "नसतंच केलं ना? मग मी नसते. बिल्कुल नसते." खरंच होतं ते. वृंदाने हा हिशेब इतक्या बाजूंनी केला होता, पण या बाजूने कधी केला नव्हता. समोर उभी असलेली, उंच, हट्टी, पिवळा स्वेटर घातलेली ही मुलगी त्याच चुकीतून आली होती. ते लग्न चूक म्हणायचं तर हिला काय म्हणायचं?

"त्याने मान धरली नव्हती, नाही का?" पलंगावरून अहिल्याआत्या म्हणाल्या. सगळ्यांनी तिकडे बघितलं. "भालूने. मला आठवतंय. प्रभानेही धरली नव्हती."

"कोण प्रभा?" विलासने विचारलं.

"तुझी बहीण. तुझ्या आधीची."

छप्पन्न वर्षांच्या विलासने हे नाव कधी ऐकलेलं नव्हतं. कुमुदनेही नाही. आत्या कुणाकडे न बघता, शालीचे गोंडे सारखे करत सांगत राहिल्या. त्यांचं पहिलं मूल प्रभा. त्या तेव्हा सतरा वर्षांच्या. मुलगी देखणी होती, पण अंगात जीव नसल्यासारखी, कापसाच्या बाहुलीसारखी लुळी. एका पहाटे त्या जाग्या झाल्या तर कुशीतली मुलगी गार पडलेली. सासू म्हणाली, झोपेत अंगाखाली घेतलंस, गुदमरवून मारलंस पोरीला. दोन वर्षांनी मुलगा झाला, तोही तसाच. त्याला त्यांनी कधी कुशीत घेतलं नाही, पाळण्यातच निजवायच्या, रात्रभर दोरी धरून बसायच्या. तोही गेला. तेव्हा सासू म्हणाली, पाळण्यात एकटा टाकून मारलास. "मग विलास झाला, कुमुद झाली. ती जगली. पण त्यांनाही मी जवळ घेऊन निजले नाही. मोलकरणीकडे निजवलं. भालूलाही घेतलं नाही, मीनूलाही नाही." वृंदाला आठवलं, बाळंतपणानंतर थकून ती आत्यांना म्हणायची, थोडा वेळ याला जवळ घ्या, आणि आत्या काही ना काही काम काढून उठून जायच्या. कोरडी बाई, असं तिने मनात कायमचं लिहून ठेवलं होतं.

"म्हणजे वृंदा, ते माझ्या निजण्यानं नव्हतं?"

"नाही आत्या."

"अंगाखाली आली नव्हती ती?"

"नाही. ती तशीच जन्मली होती. तुम्ही काहीही केलं असतं तरी जायचीच होती ती. दोघंही."

"नक्की सांगतेस ना? तू शिकलेली आहेस, म्हणून विचारते."

"नक्की सांगते."

आत्यांनी डोळे मिटले. त्यांच्या ओठांची बारीक हालचाल होत राहिली, आणि मग त्या रडायला लागल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई सतरा वर्षांच्या मुलीसारखी तोंड उघडून रडत होती, आणि कुमुद नारळ खाली ठेवून आईजवळ जाऊन बसली. वृंदाही उठली, पण तिच्या आत दुसरंच काही चाललं होतं, आणि ते थांबवणं तिच्या हातात नव्हतं. आत्यांची दोन मुलं तशी गेली, म्हणजे प्रत आत्यांकडेही होती आणि मामंजींकडेही. मग कुमुदचं दोनात एक राहत नाही, तीनात दोन होतं. विनायकचं तीनात एक. चोवीस नाही, अठरा. म्हाताऱ्या बाईच्या छातीवरचा साठ वर्षांचा दगड ज्या शब्दांनी उतरला, त्याच शब्दांनी नातीच्या वाटणीचा धोका वाढला होता. वृंदाला ते त्या खोलीत बोलवेना. आत्यांना रडू दे, असं तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टॉपपर्यंत चालताना तिने मीनाक्षीला अठराचं सांगितलं. मीनाक्षीने ऐकून घेतलं, "अच्छा," म्हणाली आणि आलेली बस तिने सोडून दिली. त्या आठवड्यात ती विनायकला रोज भेटत होती. तो म्हणाला, आपण मूल होऊच द्यायचं नाही, चलो, विषय संपला. ती म्हणाली, तू बिल्डिंगमधल्या सगळ्या पोरांना पतंग उडवायला नेतोस, तू असं म्हणू नकोस. तो म्हणाला, मग दत्तक घेऊ. ती म्हणाली, कुमुदआत्याला विचारलंस? कुमुदने दत्तकाला साफ नकार दिला होता. हे सगळं मीनाक्षीने आईला नंतर सांगितलं, भाजी निवडता निवडता, तिसऱ्याच कुणाचं सांगावं तसं. "मी नाही म्हटलं त्याला," ती म्हणाली. "आणि आई, आकड्याला घाबरून नाही हं. बाबांनी मला सांगितलं, तू माझ्या मानेकडे कशी बघत बसायचीस ते. मला माझ्या बाळाकडे तसं बघायचं नाही. मला त्याच्या तोंडाकडे बघायचंय." मग ती उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला. वृंदा बाहेर उभी होती. दार वाजवावं असं तिला वाटत होतं, पण ज्या दारामागे तिने स्वतः मुलीला नेऊन सोडलं होतं, ते तिने वाजवायचं कुठल्या तोंडाने?

माघ संपता संपता राजस्थानातून दोन नर आले. ट्रकमधून उतरताना एकाने कुंपणाला धडक दिली, दुसरा आल्या आल्या चरायला लागला. सक्सेनांनी फोन करून अभिनंदन केलं. विनायकने मुंबईला बदली मागून घेतली. कुमुद दोन महिने आली नाही, मग एक दिवस आईसाठी डिंकाचे लाडू घेऊन आली. वृंदाशी बेताचंच बोलली, पण जाताना डबा परत न मागता ठेवून गेली. मीनाक्षी बारीक झाली होती. ऑफिसला जायची, यायची, आजीशी पत्ते खेळायची. आत्यांमध्ये मात्र काहीतरी बदललं होतं. त्या प्रभाचं नाव घ्यायला लागल्या होत्या, सहज, जेवता जेवता. प्रभाचे केस कुरळे होते. प्रभाला मोरपीस दाखवलं की ती बघत राहायची.

खालच्या मजल्यावर एक मल्याळी नर्स राहायची, सुझी. तिला चार महिन्यांची मुलगी होती. एका शनिवारी तिला अचानक ड्यूटीवर बोलावलं, आणि मीनाक्षी घरीच होती म्हणून ती बाळ वर ठेवून गेली. वृंदा बाजारातून परतली तेव्हा घर शांत होतं. बाल्कनीतलं ऊन पलंगापर्यंत आलं होतं. अहिल्याआत्या कुशीवर निजल्या होत्या, गाढ, तोंड किंचित उघडं, आणि त्यांच्या हाताच्या वेढ्यात, छातीला नाक लावून ते परकं बाळ निजलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी मीनाक्षी जमिनीवर बसली होती, गुडघ्यांवर हनुवटी टेकून, बाळाच्या चेहऱ्याकडे बघत. तिचे डोळे सुजलेले होते. वृंदा हातातल्या पिशव्या ठेवून पुढे झाली, बाळाला जरा सरकवून ठेवावं म्हणून वाकली, तसा मीनाक्षीने तिचा हात धरला.

"राहू दे आई," ती कुजबुजली. "आजीने सांगितलंय, मला झोप लागली तरी तिला उचलू नका."